चाचणीत सापडले नाहीत, तरी संशय का? सायकल शर्यतींमधलं डोपिंग, सोप्या भाषेत

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच कोणीतरी सायकल या विषयावर माझ्याशी गंभीरपणे बोललं. एरवी रविवारी पहाटे हेल्मेट चढवून सिंहगडाकडे निघणारा मी म्हणजे वॉचमनची करमणूक. पण या वेळी वर्षानुवर्षं खड्ड्यांत असलेले रस्ते बघता बघता गुळगुळीत झाले, त्यावरून परदेशी पोरं वाऱ्यासारखी गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं.

"खरं सांग. हे सगळे औषधं घेऊनच चालवतात ना?"

मी आधी नाही म्हणालो. मग थोडं अडखळून, "पूर्वी घ्यायचे" म्हणालो. मग म्हणालो, "काका, चहाला या. हे लिफ्टमध्ये होण्यातलं नाही."

काका बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. आयुष्य दुसऱ्यांच्या खतावण्या उलटसुलट करून बघण्यात गेलेलं. त्यामुळे त्या दिवशी सायकलचं मी सांगितलं, पण खरी मेख त्यांनीच पकडली. ती पुढे येईलच.

आधी रक्ताचं गणित

डोपिंग म्हणजे कामगिरी वाढवण्यासाठी बंदी असलेलं औषध किंवा पद्धत वापरणं. हे सगळ्याच खेळांत होतं, पण रस्त्यावरच्या सायकल शर्यतीला त्याचा मोह जरा जास्तच. टूर द फ्रान्समध्ये २१ टप्पे असतात, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, मध्ये आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. इथे चेंडू फिरवण्याचं कसब नाही की निशाण्याचा नेम नाही. पायांना किती प्राणवायू पोचतो आणि रात्रीतून शरीर किती भरून निघतं, यावरच बराचसा निकाल ठरतो. नेमक्या या दोन गोष्टी औषधाने वाढवता येतात.

प्राणवायू वाहून नेतात रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यांना पीएमपीच्या बस समजा. पायाचे स्नायू म्हणजे स्टॉपवर ताटकळलेले प्रवासी. बस वाढल्या की प्रवासी लवकर उचलले जातात. एकूण रक्तात या पेशींचा वाटा किती टक्के, त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी पुरुषात तो साधारण ४० ते ५० टक्के असतो.

बस वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे उंच डोंगरावर जाऊन राहणं. हवा विरळ असली की शरीर आपणहून पेशी वाढवतं. याला पूर्ण परवानगी आहे. दुसरा मार्ग ईपीओ. मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक अस्थिमज्जेला 'पेशी बनव' असा हुकूम देतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ते कारखान्यात बनायला लागलं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी. डायलिसिसवर असलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर हे इंजेक्शन तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलेलंही असेल. तिसरा मार्ग सर्वांत जुनाट आणि जरा किळसवाणा: स्वतःचंच रक्त आधी काढून पिशवीत साठवायचं आणि डोंगरातल्या टप्प्याच्या आदल्या रात्री परत चढवायचं.

बस फार झाल्या की कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला काय होतं ते पुणेकराला सांगायला नको. रक्त घट्ट होतं, गुठळ्यांचा धोका वाढतो, हृदयाला आटलेलं पिठलं ढवळल्यासारखी मेहनत पडते.

ईपीओ पकडणारी चाचणी सुरुवातीची बरीच वर्षं नव्हतीच. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ मध्ये एक जुगाडू नियम काढला: हिमॅटोक्रिट ५० टक्क्यांच्या वर गेलं तर दोन आठवडे सक्तीची विश्रांती, आरोग्याच्या कारणासाठी. हेतू चांगला होता. पण ८० च्या वेगमर्यादेची पाटी लावली की सगळे ७९ ने गाडी हाणतात, तसं झालं. ५० ही मर्यादा न राहता उद्दिष्ट बनली. १९९९ च्या इटलीच्या टूरमध्ये, शर्यत संपायला दोन दिवस उरलेले असताना, आघाडीवर असलेला मार्को पंतानी ५२ टक्क्यांवर सापडला आणि घरी गेला. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खेळाडू एकटा नसतो

टीव्हीवर आपल्याला पेडल मारणारा एक माणूस दिसतो. त्याच्यामागे एक अख्खं बिऱ्हाड असतं. टूरमध्ये एका संघाचे ८ सायकलपटू असतात आणि त्यांच्याभोवती गाडीतून सूचना देणारे व्यवस्थापक, मेकॅनिक, डॉक्टर, आचारी, बसचालक. त्यात 'स्वान्यर' नावाचा एक फ्रेंच हुद्दा असतो. मालीश करणं, पाण्याच्या बाटल्या आणि खाऊच्या पिशव्या भरणं, हॉटेलात बॅगा पोचवणं, रात्री रडका खेळाडू ऐकून घेणं, हे त्याचं काम. आपल्याकडे लग्नघरात एक मामा असतो ना, ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात, तोच.

८ जुलै १९९८ रोजी फेस्टिना संघाचा असाच एक मामा, विली व्होएत, संघाची गाडी घेऊन बेल्जियममधून फ्रान्समध्ये शिरत होता. सीमेवर कस्टमवाल्यांनी गाडी उघडली. आत ईपीओ, ग्रोथ हॉर्मोन, स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन, दुकान लागेल एवढा माल. सुरुवातीला संघाने कानांवर हात ठेवले. काही दिवसांत व्यवस्थापकाने कबूल केलं की हे संघानेच पद्धतशीर चालवलं होतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, खेळाडू रस्त्यावर बसले, काही संघ शर्यत सोडून निघून गेले. त्या वर्षी पॅरिसला शंभराच्या आतच सायकलपटू पोचले.

म्हणून सायकलच्या बातम्यांत 'अमुक खेळाडूवर संशय' यापेक्षा 'अमुक संघावर संशय' हे जास्त वाचायला मिळतं. रक्ताची पिशवी साठवायला फ्रिज लागतो, फ्रिजला गाडी लागते, गाडीला चालक लागतो, आणि सगळ्याला पैसा लागतो. एकट्याने चोरून करण्यातलं हे काम नाही.

काकांनी पकडलेली मेख

इथवर ऐकून काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे लघवीच्या बाटलीत कोणी सापडलंच नाही?"

त्या टूरमध्ये जवळपास नाहीच. सापडला तो गाडीच्या डिकीत.

"आमच्याकडेही तेच," काका म्हणाले. "वार्षिक तपासणीत अफरातफर क्वचित सापडते. वह्या जुळवूनच ठेवलेल्या असतात. सापडते ती चिठ्ठीने. कोणीतरी नाराज कारकून असतो, नाहीतर कॅशियर रजेवर जातो आणि बदली माणूस ड्रॉवर उघडतो."

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली मोठी प्रकरणं या नजरेने बघितली की चित्र स्वच्छ होतं. लान्स आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर जिंकला. आपण शेकडो चाचण्या दिल्या आणि एकही फसली नाही, हे त्याचं पालुपद होतं. तो पडला तो फ्लॉइड लँडिस या जुन्या साथीदारामुळे. लँडिस स्वतः २००६ मध्ये टूर जिंकून टेस्टोस्टेरॉनमध्ये अडकला होता, नंतर त्याला कोणी उभं करेना. २०१० मध्ये त्याने ईमेल लिहून सगळं बाहेर काढलं. काकांचा नाराज कारकून तो हाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने अहवाल दिला, त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या आणि त्यातले ११ आर्मस्ट्राँगचे संघसहकारी. सातही विजेतेपदं गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली. १९९९ च्या टूरमध्ये मोटरसायकलवरून एक माळी शर्यतीमागोमाग ईपीओ घेऊन फिरायचा, असंही सहकाऱ्यांकडून नंतर कळलं. माळी!

२००६ मध्ये स्पेनमध्ये युफेमियानो फुएंतेस या डॉक्टरकडे सांकेतिक नावं लिहिलेल्या रक्ताच्या पिशव्या मिळाल्या, त्या पोलिसांच्या छाप्यात. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्फुर्टच्या एका डॉक्टरचा रक्त चढवण्याचा धंदा उघडा पडला, तोही एका स्कीइंगपटूने टीव्हीवर तोंड उघडल्यामुळे. त्यात स्कीइंगवाले होते तसे सायकलवालेही होते. जानेवारी २०२१ मध्ये त्या डॉक्टरला ४ वर्षं १० महिन्यांची शिक्षा झाली.

मला या विषयात सांगायचं आहे ते एवढंच: 'चाचणीत सापडला का?' हा प्रश्न आपण गरजेपेक्षा मोठा करून ठेवलाय. ज्या खेळात चोरी बहुतेक वेळा बाटलीबाहेर सापडली, तिथे बाटली कोरी निघाली यावरून फारसं काही ठरत नाही.

"पण आता तर रात्रंदिवस चाचण्या होतात!"

होतात, आणि पूर्वीपेक्षा खूप बऱ्या. त्यातली सर्वांत हुशार कल्पना म्हणजे २००८ पासून सायकलिंगमध्ये आलेला जैविक पासपोर्ट. नावाने घाबरू नका. हे विजेच्या बिलासारखं आहे. तुमच्या घरी दर महिन्याला १२० च्या आसपास युनिट येतात आणि एका मे महिन्यात, एसी असूनही, ३० येतात. मीटरमध्ये हात घालताना तुम्हाला कोणी बघितलेलं नाही, तरी माणूस दारात येणारच. तसं इथे औषध न शोधता त्याच्या खुणा शोधतात. खेळाडूचं रक्त वर्षानुवर्षं तपासून त्याची स्वतःची सरासरी काढतात. नव्या कोवळ्या तांबड्या पेशी अचानक कमी आणि हिमोग्लोबिन जास्त दिसलं, तर समजायचं की बाहेरून रक्त आलंय आणि कारखान्याने उत्पादन थांबवलंय.

यातही पळवाट आहे. मोठा डोस घेण्याऐवजी चिमूटचिमूट घ्यायचं, म्हणजे आलेखाला उंचवटाच येत नाही. थोडं ईपीओ रात्री शिरेतून घेतलं तर शोधता येण्याचा काळ काही तासांवर येतो, आणि रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात तपासनीस ठोस कारण असल्याशिवाय सहसा दार वाजवत नाहीत. माणसाला झोपू द्यायला हवं हेही खरंच आहे.

दार वाजवायचं तर माणूस कुठे आहे ते कळायला हवं. त्यासाठी मोठ्या खेळाडूंना रोजचा ठावठिकाणा आणि दिवसातला एक ठरलेला तास कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर तो गुन्हा धरतात, काही घेतलेलं असो वा नसो. २००७ मध्ये डेन्मार्कचा मिखाएल रासमुसेन टूरमध्ये पिवळी जर्सी घालून आघाडीवर होता. जूनमध्ये आपण मेक्सिकोत होतो, असं त्याने कळवलेलं. इटलीच्या एका समालोचकाने कौतुकाने सांगून टाकलं की, काय मेहनती पोरगा, मला जूनमध्ये डोलोमाइट्सच्या डोंगरात पावसात सराव करताना दिसला होता! त्याच्याच संघाने त्याला शर्यतीतून काढलं. डोपिंगची कबुली त्याने २०१३ मध्ये दिली. कौतुक कुठे नडेल सांगता येत नाही.

वेगावरून चोर ओळखता येतो का?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो, म्हणून इथे जरा बैठक मारूया.

चढावर वारा कमी लागतो, त्यामुळे सायकलपटूची ताकद बाहेर बसूनही बरीचशी मोजता येते. शाळेतलं गणित आहे. मी आणि माझी सायकल मिळून ८२ किलो. समजा, ५०० मीटर उंचीचा घाट मी ५० मिनिटांत चढलो. ८२ गुणिले ९.८ गुणिले ५००, भागिले ३००० सेकंद. उत्तर येतं साधारण १३४ वॅट. टायरचं घर्षण आणि वारा धरून १५० म्हणा. म्हणजे छताचे दोन पंखे चालतील एवढी वीज. माझं वजन ७२, म्हणून किलोमागे दोन वॅटच्या किंचित वर. हा किलोमागचा आकडाच महत्त्वाचा, कारण घाटात जाडजूड ताकदवान माणसापेक्षा काटक माणूस पुढे जातो. गडाच्या वाटेवर ताकवाल्या मावशी आपल्याला मागे टाकतात ते याच न्यायाने.

टूर जिंकणारे लोक ३५-४० मिनिटांच्या घाटात किलोमागे सहाच्या वर असतात. माझ्या तिप्पट. ईपीओच्या जमान्यातले आकडे बघून जाणकारांनी एक ठोकताळा बांधला होता: सहा-सव्वासहाच्या पुढे गेलं की भुवया उंचवायच्या.

आता पंतानीकडे परत येऊ. १९९८ च्या त्याच बदनाम टूरमध्ये त्याने पिरेनीजमधला प्लातो द बेय हा घाट सुमारे ४३ मिनिटांत चढला. जवळपास १६ किलोमीटर, सरासरी चढ आठ टक्क्यांच्या आसपास. तो विक्रम सव्वीस वर्षं टिकला. १९९८ चे साठवलेले नमुने पुढे संशोधनासाठी तपासले गेले, आणि २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटने ते निकाल जाहीर केले, तेव्हा त्यात ईपीओ सापडलेल्यांत पंतानीचंही नाव होतं. २००४ मध्येच तो वारला होता.

१४ जुलै २०२४ ला स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारने तोच घाट तीन मिनिटांहून जास्त फरकाने लवकर चढला. मागून आलेल्या डेन्मार्कच्या योनास विंगेगॉरनेही पंतानीचा विक्रम मोडला.

"झालं तर मग!" काका म्हणाले. "औषध घेतलेल्यापेक्षा बिनऔषधाचा जोरात कसा जाईल?"

प्रश्न रास्त आहे. आधी हे स्पष्ट करतो की पोगाचार किंवा विंगेगॉर एकाही उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेले नाहीत. आता पंचवीस वर्षांत काय बदललं ते बघा. सर्वांत मोठा बदल खाण्यात. जुन्या पिढीत उपाशीपोटी सायकल हाणणं मर्दानी समजलं जायचं. आजचे खेळाडू तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात ढकलतात, म्हणजे दर तासाला साखरेचे वीस चमचे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यात वेगवेगळ्या दारांनी शिरतात हे कळल्यापासून दोन्ही दारं एकदम उघडता येतात. चार तासांच्या शर्यतीनंतर शेवटच्या घाटात पंतानी अर्ध्या टाकीवर असायचा, हे भरल्या टाकीवर असतात. त्यात रुंद आणि कमी घर्षणाचे टायर, वाऱ्याच्या बोगद्यात तपासलेले कपडे, पेडलमागची ताकद दाखवणारा मीटर, वर्षातून अनेकदा उंचावरची शिबिरं. शिवाय त्या दिवशी विंगेगॉरच्या संघाने घाटाच्या पायथ्यापासूनच सुसाट वेग ठेवला होता. पंतानीच्या वेळी शर्यत तशी धावली नव्हती. घाटाची वेळ ही अशी परिस्थितीवर बरीच अवलंबून असते. वारा पाठीला असला आणि वजनाचा अंदाज दोन किलोंनी चुकला, तर बाहेरून काढलेल्या आकड्याचा बोजवारा उडतो.

तरी माझं मत विचाराल तर, नुसत्या साखरेवर आणि टायरवर सगळं ढकलणारी माणसं मला थोडी भाबडी वाटतात, आणि घड्याळ बघून 'चोर' ओरडणारी थोडी आळशी. वाढलेला वेग हे दार वाजवायचं कारण आहे. दार उघडल्यावर आत काय निघतं, त्याचं उत्तर घड्याळात नसतं.

काठावरचे लोक

नियमात न बसणारं आणि नियम न मोडणारं, असंही बरंच असतं. आजारी खेळाडूला बंदी असलेलं औषध घेण्यासाठी वैद्यकीय सूट मिळते. दम्याच्या माणसाला पंप नाकारून कसं चालेल? पण २०१६ मध्ये हॅकरांनी कागद फोडले, तेव्हा कळलं की २०१२ चा टूर विजेता ब्रॅडली विगिन्सने मोठ्या शर्यतींच्या तोंडावर ताकदवान स्टिरॉइडच्या इंजेक्शनसाठी अशी सूट घेतली होती. नियमाप्रमाणे सगळं रीतसर. तरी २०१८ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीने म्हटलं की त्याच्या संघाने, टीम स्कायने, नैतिकतेची रेषा ओलांडली. विगिन्सने ते नाकारलं. त्याच संघाच्या एका माजी डॉक्टरबद्दल २०२१ मध्ये वैद्यकीय न्यायाधिकरणाने ठरवलं की २०११ मध्ये त्याने टेस्टोस्टेरॉनचा जेल मागवला, तो खेळाडूला देण्यासाठीच आहे हे ठाऊक असताना किंवा तसं मानून. खेळाडू कोण, ते मात्र पुढे आलं नाही.

ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक सायकल संघटनेने २०१९ पासून शर्यतीत बंद केलं. कोलंबियाच्या नाइरो किन्तानाचा २०२२ च्या टूरमधला सहावा क्रमांक त्यापायी गेला. गंमत म्हणजे बाकीच्या खेळांत ते २०२३ अखेरपर्यंत चालत होतं.

आणि सर्वांत अलीकडचं प्रकरण कार्बन मोनॉक्साइडचं. हो, तोच वायू, ज्याच्यामुळे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर जीव घेतो. शरीरात एकूण हिमोग्लोबिन किती आहे ते मोजायला तो अगदी थोडा हुंगवतात, ही जुनी वैद्यकीय पद्धत आहे. पण तोच वारंवार हुंगला तर शरीराला वाटतं आपण डोंगरावर आहोत, आणि पेशी वाढतात. २०२४ च्या टूरमध्ये बातमी आली की पोगाचार आणि विंगेगॉर या दोघांच्या संघांकडे ते यंत्र आहे. संघांनी सांगितलं, फक्त मोजमापासाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये सायकल संघटनेने मोजमापाव्यतिरिक्तच्या वापरावर बंदी घातली, आणि २०२६ च्या जागतिक यादीतही ती आली. बंदी आधी नव्हती, त्यामुळे त्या वेळी काही हुंगलं असतं तरी गुन्हा झाला नसता.

"सापडला म्हणजे घेतलंच"

इथे नियम कडक आहे: तुमच्या शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची, कसं आलं ते तुम्ही सिद्ध करा. न्यायालयापेक्षा उलटी पद्धत. २०१० मध्ये स्पेनच्या अल्बेर्तो कोन्तादोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम. किती कमी? खडकवासला धरण काठोकाठ, म्हणजे १.९७ टीएमसी भरलं, आणि त्यात कोणी साधारण पावणेतीन किलो साखर विरघळवली, तर जेवढी गोडी येईल तेवढं. त्याने खाल्लेल्या गोमांसाला दोष दिला. क्रीडा लवादाने दूषित पूरक आहाराची शक्यता जास्त धरली, पण ती त्याला सिद्ध करता आली नाही. दोन वर्षं बंदी, टूरचं विजेतेपद गेलं. आजची यंत्रं इतकी तिखट झाली आहेत की चोर आणि दुर्दैवी माणूस एकाच जाळ्यात येतात.

उलटही घडतं. २०१७ मध्ये क्रिस फ्रूमच्या नमुन्यात दम्याचं औषध मर्यादेच्या दुपटीच्या आसपास दिसलं. जुलै २०१८ मध्ये तज्ज्ञांचं मत घेऊन प्रकरण बंद झालं, कारण घेतलेला डोस आणि लघवीतला आकडा यांचं प्रमाण सरळ नसतं.

"मग देऊन टाका ना परवानगी!"

दर चहाला हा उपाय निघतोच. सगळ्यांना घेऊ द्या, म्हणजे सगळे समान. पण समान होत नाहीत. ज्याचं हिमॅटोक्रिट जन्मतः ४१ आहे त्याला ५० पर्यंत जायला नऊ पायऱ्या मिळतात, ४८ वाल्याला दोनच. शर्यत मग औषध कोणाला जास्त मानवतं आणि डॉक्टर कोणाचा महाग, याची होते. १३ जुलै १९६७ ला इंग्लंडचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतू या घाटात ॲम्फेटामिन हे उत्तेजक घेऊन, उन्हात, सायकलवरून कोसळून मेला. वय २९. परवानगी दिली की वरच्यांनी घेतलेलं खालच्या सतरा वर्षांच्या पोरालाही घ्यावंच लागतं. नाहीतर त्याचं करिअर सुरूच होणार नाही.

हे युरोपाचं झालं, आपलं काय?

इथे काकांपेक्षा मीच जास्त गप्प होतो. २०२४ मध्ये भारताच्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी निघाले, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हा वाटा सर्वांत वरचा, आणि हे सलग तिसरं वर्ष. ॲथलेटिक्स, वेटलिफ्टिंग, कुस्ती यांचा भाग मोठा. आपल्याकडे २००५ पासून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था आहे, २०२२ चा कायदा आहे. पण तालुक्याच्या स्पर्धेत, पोलीस भरतीच्या मैदानाबाहेर, कोणाच्या बॅगेत काय आहे ते बघणारं कोणी नाही. टूरमध्ये मामा असतो, इथे जिमचा 'सर' असतो.

माझ्याच घरात फ्रिजवर एक डबा आहे. गेल्या पावसाळ्यात गुडघा कुरकुरत होता म्हणून एका दुकानातून प्रोटीन पावडर आणली. पंधरा दिवसांत झोप उडाली, छाती धडधडायला लागली. डब्यावरची घटकांची यादी वाचली तर अर्ध्या ओळी दुसऱ्या स्टिकरखाली गेलेल्या. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, रिझल्ट येतोय म्हणजे माल असली आहे." मी कुठली शर्यत जिंकणार नाही, माझी लघवी कोणी मागणार नाही. पण मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायची स्वप्नं बघणारा एखादा खोपोलीचा पोरगा तोच डबा घेऊन गेला असेल, तर यादीतलं लपवलेलं नाव त्याच्या खात्यावर चढेल. नाकातलं पाणी थांबवणाऱ्या काही साध्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा शर्यतीच्या दिवशी एका मर्यादेपलीकडे चालत नाही, हे किती प्रशिक्षक सांगत असतील? खेळणारं पोर घरात असेल तर राष्ट्रीय संस्थेचं 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे, औषधाचं नाव टाकून बघता येतं.

निघताना काकांनी शेवटचं विचारलं, पोगाचारचं खरं काय ते कळेल कधी?

मी सांगितलं की नमुने दहा वर्षं साठवून ठेवता येतात आणि नवी चाचणी निघाली की पुन्हा तपासता येतात. त्या घाटातल्या दिवसाच्या बाटल्या ठेवल्या असतील तर २०३४ पर्यंत मुदत आहे. तोवर कोणी स्वान्यर नोकरी सोडेल, कोणाचं भांडण होईल, कोणी आत्मचरित्र लिहील. किंवा काहीच निघणार नाही, कारण निघण्यासारखं नसेल.

काकांनी बोटांवर हिशेब केला. "चौतीस साली मी ब्याऐंशीचा," म्हणाले आणि चपला घालायला लागले. मग वळून म्हणाले, "त्या डब्यावरचा स्टिकर तेवढा काढून बघू. गरम पाण्यात धरला की निघतो."